मनाच्या दुखण्याचं इंग्रजी : वर्गात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

हर्णै-दापोली पट्ट्यात मी संभाषणाचं इंग्रजी शिकवते. वर्गात बोटीवर जाणारी मुलं असतात, नर्सिंगच्या मुली असतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मुलं असतात, घरचा होमस्टे चालवणाऱ्या बायकाही असतात. मनाच्या त्रासाबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं, हा धडा सुरू केल्यापासून तेच तेच प्रश्न येतात. बरेचसे वर्ग सुटल्यावर, दाराशी थांबून, हळू आवाजात विचारले जातात. म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते.

मी भाषा शिकवते, उपचार करत नाही. आणि हे वाचताना तुम्हाला आत्ताच फार त्रास होत असेल, तर वाचन बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मराठीत सांगता येतं की! मग हे इंग्रजीत शिकायचंच कशाला?

जिथे मराठीत सांगता येतं तिथे मराठीतच सांगा. मनाचं दुखणं माणूस आईच्या भाषेतच नीट सांगतो. पण आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं पोटासाठी अशा ठिकाणी जातात, जिथे समोरच्याला मराठीचं अक्षर कळत नाही. बोटीवर कॅप्टन एका देशाचा, इंजिनिअर दुसऱ्या आणि स्वयंपाकी तिसऱ्याच. आखातातही तसंच.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर होता तेव्हा आमचे वडील गेले. त्याला येता आलं नाही. वडिलांच्या दहाव्यापर्यंत त्याची झोप पार उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता. तो कॅप्टनकडे गेला आणि शाळेत पाठ केलेलं वाक्य बोलला, ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल.’ कॅप्टनने ताप बघितला, गोळी दिली, एक दिवस आराम दिला. माणूस वाईट नव्हता, त्याला कळलंच नाही. रात्री भावाचा फोन आला. नेट तुटत होतं, निम्मं ऐकू येत नव्हतं, पण एवढं ऐकू आलं : “ताई, मला सांगताच येत नाही गं.”

मी त्याला तीन वाक्यं लिहून पाठवली. ‘माय फादर डाइड टेन डेज अगो. आय कान्ट स्लीप. आय कीप क्राइंग व्हेन आय ॲम अलोन.’ त्याने ती तशीच्या तशी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने त्याची रात्रीची पाळी काढली, आईशी बोलायला जहाजाचा सॅटेलाइट फोन दिला, आणि पुढे आठवडाभर जेवणानंतर तो भावाजवळ येऊन बसत असे. त्या तीन वाक्यांत अवघड म्हणावा असा एकही शब्द नाही. माझा सगळा धडा त्या तीन वाक्यांतून निघाला आहे. आजाराचं भारी नाव पाठ करू नका. काय झालं, कधीपासून, आणि त्यामुळे काय जमत नाही, हे सांगायला शिका. नाव द्यायचं काम डॉक्टरांचं.

‘टेन्शन’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. ते चालत नाही का?

आपल्याकडे चालतं. आपण मराठीत तो शब्द केव्हाच आपलासा केलाय, आणि त्यात काही वाईट नाही. पण परदेशी माणसाला ‘आय हॅव टेन्शन’ म्हटलं तर त्याला नेमकं कळत नाही. त्याच्या कानाला टेन्शन म्हणजे दोरीचा ताण, स्नायूंचा ताण, नाहीतर दोन माणसांमधली तणातणी. मनात काय चाललंय हे सांगायला त्याच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक कामाचा आहे.

होडी संध्याकाळी परतायची होती, रात्र झाली तरी दिवा दिसत नाही. किनाऱ्यावर उभी असलेली बाई ‘वरीड’ आहे. तिच्या काळजीला कारण आहे, आणि होडी आली की काळजी संपेल. उद्या मुंबईला बोटीच्या कंपनीत मुलाखत आहे आणि हात गार पडलेत. तो मुलगा ‘नर्व्हस’ आहे. मोहोर गळाला, बँकेचा हप्ता आलाय, मुलीची फी भरायची आहे आणि बागेत औषध फवारायला माणूस मिळत नाही. तो बागायतदार ‘स्ट्रेस्ड’ आहे, म्हणजे ओझं आहे आणि ते मोजून दाखवता येतं. हेच ओझं इतकं झालं की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही, तर तो ‘ओव्हरव्हेल्म्ड’. आणि होडी आलेली आहे, मुलाखत झालेली आहे, हप्ता भरलेला आहे, तरीही छातीतली धाकधूक जात नाही, काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटतं. त्याला ‘ॲन्क्शस’ म्हणतात. नाम ‘ॲन्झायटी’. विशेषण आणि नाम यांचे उच्चार वेगळे आहेत, तेवढे लक्षात ठेवा.

‘मूड ऑफ’ हा प्रयोगही आपल्याकडचाच. बाहेर ‘आय ॲम फीलिंग लो’ म्हणा.

हुरहुर, घालमेल, रुखरुख, धसका यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

या प्रश्नावर मी अख्खा तास घालवते, कारण इथे आपली भाषा श्रीमंत आहे आणि शब्दकोश अपुरा पडतो. शब्दाला शब्द शोधू नका. आत काय होतंय ते बघा आणि ते वाक्यात मांडा.

रुखरुख म्हणजे एखादी गोष्ट राहून गेल्याची टोचणी. वडिलांना शेवटचं भेटायला जमलं नाही, ही रुखरुख. ‘रिग्रेट’ म्हणता येतं, पण त्यात पश्चात्तापाची छटा येते, जणू आपण चूक केली. ‘इट स्टिल बॉदर्स मी दॅट आय कुडन्ट सी हिम’ हे वाक्य रुखरुखीच्या जास्त जवळ जातं.

हुरहुर धूसर असते. सुट्टी संपून चाकरमानी मुंबईच्या गाडीत बसले, गणपती विसर्जन झालं, घर एकदम रिकामं झालं, तेव्हा लागते ती. ‘द हाउस फील्स एम्टी अँड आय फील रेस्टलेस.’ यात कोणीतरी दूर असल्याचं वाटणंही असेल तर ‘आय मिस देम’ पुरेसं आहे. साधं वाक्य आहे म्हणून कमी समजू नका.

घालमेल दोन दिशांना ओढते. बोटीवर जावं तर घरी आई एकटी, न जावं तर कर्ज. ‘आय ॲम टॉर्न बिट्वीन द टू’ म्हणजे मी दोन्हीकडे ओढला जातोय. धसका मात्र मागे घडलेल्या गोष्टीचा असतो आणि नंतर राहून जातो. ‘आय हॅव बीन स्केअर्ड ऑफ द सी एव्हर सिन्स द ॲक्सिडेन्ट.’ यातला ‘एव्हर सिन्स’ महत्त्वाचा आहे, ‘तेव्हापासून आजपर्यंत’ हा अर्थ तोच उचलतो.

मनातल्या मनात कोंडून ठेवणं, कोंडमारा : ‘आय कीप एव्हरीथिंग इनसाइड.’ पोटात गोळा येणं मात्र जवळजवळ जसंच्या तसं जातं, इंग्रजी बोलणारेही पोटात गाठ पडल्याचं बोलतात : ‘देअर इज अ नॉट इन माय स्टमक.’ जीव घुसमटणं हेही तसंच. ‘ॲन्झायटी’ हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थच आवळणं, गळा दाबणं असा आहे. म्हणजे घुसमट त्यांच्याकडेही गळ्याशीच होती. मुलांना हे सांगितलं की ती आपसूक स्वतःच्या गळ्याकडे हात नेतात, आणि मग तो शब्द विसरत नाहीत.

‘सॅड’ आणि ‘डिप्रेस्ड’ यात फरक काय? आम्ही तर डिप्रेशन हा शब्द पहिल्यांदा हवामानाच्या बातम्यांत ऐकला.

आपल्या किनाऱ्यावर तसंच होतं, आणि अर्थ समजायला ती वाट चांगली आहे. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते वाढलं की हवामान खातं त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतं. वारे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर झाले की डिप्रेशन, ५० ते ६१ झाले की ‘डीप डिप्रेशन’, त्याच्या पुढे चक्रीवादळ. बंदरावर बावटा लागतो, होड्या परत येतात. शब्दाचं मूळ दोन्हीकडे एकच : खाली दाबणं, दबणं. हवेचा दाब खाली जातो तसं मन खाली दबलं जातं.

पण रोजच्या ढगाळ हवेला कोणी डिप्रेशन म्हणत नाही. मनाचंही तेच. मासळी कमी मिळाली, मुलगा नापास झाला, माणूस गेलं, की वाईट वाटतं, रडू येतं. ते ‘सॅडनेस’, माणूस गेल्याचं असेल तर ‘ग्रीफ’. हे आजार नाहीत. दिवसाचा बराचसा वेळ आणि जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे, मन उदास राहिलं किंवा कशातच रस वाटेनासा झाला, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली, स्वतःची किंमत शून्य वाटायला लागली, तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. तिची चार उत्तरं मी सगळ्यांकडून पाठ करून घेते, कारण कुठल्याही दवाखान्यात उपयोगी पडतात : ‘नॉट ॲट ऑल’ म्हणजे अजिबात नाही, ‘सेव्हरल डेज’ म्हणजे काही दिवस, ‘मोअर दॅन हाफ द डेज’ म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस, ‘निअरली एव्हरी डे’ म्हणजे जवळपास रोज.

म्हणून स्वतःहून ‘आय हॅव डिप्रेशन’ म्हणू नका. ‘आय हॅव बीन फीलिंग व्हेरी लो, निअरली एव्हरी डे, फॉर थ्री वीक्स’ म्हणा. डॉक्टरला यात सगळं मिळतं.

डॉक्टरसमोर बसल्यावर वाक्यं सुचतच नाहीत. काही तयार वाक्यं द्या.

शरीरापासून सुरुवात करा. मनाबद्दल बोलायची लाज वाटते, शरीराबद्दल वाटत नाही, आणि मनाचं दुखणं शरीरात दिसतंच. झोपेबद्दल : ‘आय वेक अप ॲट थ्री अँड कान्ट गो बॅक टू स्लीप.’ भुकेबद्दल : ‘आय हॅव लॉस्ट माय ॲपेटाइट.’ कामाबद्दल : ‘आय कान्ट कॉन्सन्ट्रेट ऑन माय वर्क.’ माणसांबद्दल : ‘आय डोन्ट फील लाइक टॉकिंग टू एनीवन.’ आणि ज्याला काहीच धड सांगता येत नाही त्याच्यासाठी : ‘आय डोन्ट नो हाउ टू एक्स्प्लेन इट, बट समथिंग इज रॉन्ग.’ हे शेवटचं वाक्य कच्चं नाही. अनुभवी डॉक्टर ते ऐकून पुढचे प्रश्न स्वतः विचारतात.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यात गोंधळ होतो. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ : सिन्स शिमगा, सिन्स जून, सिन्स माय मदर्स डेथ. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’ : फॉर टू मन्थ्स. परदेशी डॉक्टरसमोर शिमगा म्हणून चालणार नाही, तिथे ‘सिन्स मार्च’ म्हणा.

दुसरा गोंधळ ‘-एड’ आणि ‘-इंग’चा. ‘आय ॲम बोअर्ड’ म्हणजे मला कंटाळा आलाय. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे मीच कंटाळवाणा. तसंच ‘फ्रायटन्ड’ म्हणजे घाबरलेला, ‘फ्रायटनिंग’ म्हणजे घाबरवणारं. वाटणं आपलं असेल तर शेवटी ‘-एड’.

सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिस्ट, काउन्सेलर, सगळे एकच ना?

नाही. सायकिॲट्रिस्ट हे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, औषध तेच लिहून देतात; मराठीत मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले, ते चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात. काउन्सेलर म्हणजे समुपदेशक. पहिल्या दोन शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला सुरुवातीचा ‘पी’ उच्चारायचा नाही.

छातीत धडधड होते, श्वास अडकतो. हे पॅनिक अटॅक म्हणून सांगू का?

पहिल्यांदाच होत असेल तर काहीही नाव देऊ नका, छाती तपासून घ्या. छातीत दुखतंय, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जातेय, घाम फुटलाय, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हृदयाचं काही नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच पॅनिकचा विचार.

पॅनिक अटॅक अचानक येतो आणि काही मिनिटांतच सगळ्यात जोरात पोचतो. ‘माय हार्ट स्टार्ट्स रेसिंग, आय कान्ट ब्रीद, आय फील आय ॲम गोइंग टू डाय. इट लास्ट्स अबाउट टेन मिनिट्स.’ किती वेळ टिकतो ते मुद्दाम सांगा. ‘पॅनिक’ हा शब्द ग्रीकांच्या पॅन या देवावरून आला. रानात एकट्याला कारणाशिवाय अचानक भीती वाटली की ती पॅनने घातली असं ते मानत. आपल्या राईतून तिन्हीसांजेला एकटं येताना पावलं कशी भरभर पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

‘कोपिंग’ला मराठीत काय म्हणतात?

एक शब्द नाही. निभावणं, तोंड देणं, सावरणं, तग धरणं, या सगळ्यांचा थोडा थोडा अर्थ त्यात आहे. तुफानात होडी शांत होत नाही, पण उलटतही नाही, तसं. कशाला तोंड देतोय ते सांगायचं तर त्याच्यापुढे ‘विथ’ येतो : ‘आय ॲम ट्राइंग टू कोप विथ माय फादर्स डेथ.’ जमतंय पण कसंबसं, हे सांगायचं तर ‘आय ॲम बेअरली कोपिंग.’ हे वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलंत तर हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसा.

एक सराव आम्ही वर्गाबाहेर करतो. मन सैरभैर झालं की ते आत्ताच्या जागी आणायची एक पद्धत आहे, ‘ग्राउंडिंग’. पाच गोष्टी बघायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास घ्यायचे, एक चव. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू असताना मी मुलांना घेऊन जाते आणि हे इंग्रजीत करायला सांगते. बघायला होड्यांवरचे झेंडे, सुवर्णदुर्गाची काळी भिंत, बैलगाडी, पापलेटची पाटी, माशांवर टपलेली घार. हाताला ओली दोरी, गार वाळू, स्वतःचा सदरा, टोपलीचा काठ. कानाला लाट, इंजिन, बोली लावणाऱ्याचा आवाज. नाकाला मासळी आणि डिझेल. जिभेवर वाऱ्याबरोबर आलेलं मीठ. ‘आय कॅन सी, आय कॅन टच, आय कॅन हिअर, आय कॅन स्मेल, आय कॅन टेस्ट’ ही पाच वाक्यं तिथे एकदा म्हटली की पुन्हा शिकवावी लागत नाहीत.

पण हा भाषेचा सराव झाला. खरंच जीव घाबरला असेल तेव्हा इंग्रजी शोधत बसू नका. हेच मोजणं मनातल्या मनात आपल्या बोलीत करा.

घरचे म्हणतात ‘बाहेरचं लागलंय’. हे डॉक्टरला सांगायचं का?

हो, सांगा. ‘माय फॅमिली थिंक्स इट इज अ स्पिरिट’ एवढं म्हणा. चांगला डॉक्टर यावरून नाराज होत नाही. घरात काय चाललंय, आधी काय केलंय, हे त्याला कळायला हवंच असतं. त्याच्या जोडीला काय घडतं ते सांगा. इतरांना ऐकू न येणारे आवाज येतात : ‘आय हिअर व्हॉइसेस दॅट अदर्स डोन्ट हिअर.’ कोणीतरी वाईटावर आहे असं सारखं वाटतं : ‘आय फील पीपल आर अगेन्स्ट मी.’

ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालण्याला माझा विरोध नाही. गुरव मोठ्याने घरातल्या माणसाचं दुःख बोलतो आणि सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तेव्हा त्या माणसाचं दुःख पहिल्यांदा चारचौघांत उच्चारलं जातं आणि कोणी त्याला हसत नाही. हे मी लहानपणापासून पाहिलंय आणि मला ते मोलाचं वाटतं. पण मारहाण, उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, चालू औषध बंद करणं, हे कुठल्याही देवाच्या नावाने होऊ देऊ नका. अघोरी उपचारांविरुद्ध राज्यात २०१३ पासून कायदा आहे.

कोणाला ‘मेंटल’ म्हटलं तर काय बिघडतं? सगळेच म्हणतात.

बिघडतं. राज्यातल्या ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याकडे आहे, आणि ‘याला रत्नागिरीला पाठवा’ हे आपण किती सहज बोलून जातो! ज्या घरातलं माणूस खरंच तिथे उपचार घेतंय त्यांच्या कानावर ते पडतं. माझ्या वर्गातली एक मुलगी हे ऐकून दोन आठवडे आली नव्हती. कारण मला फार उशिरा कळलं.

शब्द बदलतात आणि बदलायला हवेत, हे कायद्याच्या नावांतही दिसतं. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’ होतं. तो शब्द चंद्रावरून आला, चंद्राच्या कलेने वेड लागतं या समजुतीतून. मग १९८७ चा ‘मेंटल हेल्थ’ कायदा आला आणि आता २०१७ चा ‘मेंटल हेल्थकेअर’ कायदा आहे. वेड, मग आरोग्य, मग आरोग्याची काळजी. तुम्हीही ‘ही इज मेंटल’ऐवजी ‘ही इज अनवेल’ किंवा ‘ही हॅज अ मेंटल इलनेस’ म्हणा. माणूस आधी, आजार नंतर : ‘अ पर्सन विथ स्किझोफ्रेनिया’.

जगावंसं वाटत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

आडपडदा न ठेवता. ‘आय डोन्ट वॉन्ट टू लिव्ह. आय नीड हेल्प. प्लीज स्टे विथ मी.’ व्याकरण, उच्चार, काही बघू नका. भारतात असाल तर १४४१६ वर मराठीत बोला. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

दुसरा कोणी असं म्हणत असेल, किंवा तुम्हाला नुसती शंका असेल, तर सरळ विचारा : ‘आर यू थिंकिंग ऑफ एन्डिंग युअर लाइफ?’ विचारल्याने तो विचार डोक्यात जातो ही भीती खरी नाही. उलट बोलायला वाट मिळते. मग एकटं सोडू नका, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. वर्गात मुलांना मी हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावते. पहिल्यांदा कोणाच्याच तोंडून निघत नाही. तिसऱ्यांदा निघतं.

गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘कमिटेड’ नको. गुन्हा केल्यासाठी तेच क्रियापद वापरतात. ‘ही डाइड बाय सुइसाइड’ म्हणा. २०१७ च्या कायद्यानेही प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

निसर्ग वादळ होऊन इतकी वर्षं झाली, तरी आईला वारा सुटला की थरथर होते. याला काय म्हणतात?

३ जून २०२० चा तो दिवस या भागातल्या कोणाला सांगावा लागत नाही. कौलं-पत्रे उडाले, माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी तौक्ते आलं, आणि त्याच जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड आली. माझ्या मावशीच्या घराचे पत्रे निसर्गमध्ये गेले. आजही मे संपत आला की ती रेशनकार्ड, सातबारा आणि मामंजींचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाशी ठेवते. शेजारी कोणी पत्रा ओढला तरी दचकते.

मनावर बसलेल्या अशा घावाला ‘ट्रॉमा’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ जखम असाच आहे. ज्या आवाजाने, वासाने ते सगळं पुन्हा जागं होतं तो ‘ट्रिगर’. तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटणं, ‘फ्लॅशबॅक’. आईसाठी वाक्य असं : ‘शी वेंट थ्रू अ सायक्लोन. द साउंड ऑफ स्ट्राँग विंड स्टिल फ्रायटन्स हर.’ दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी झोप-जेवण बिघडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका.

नर्सिंगला आहे. रुग्णाला धीर देताना ‘डोन्ट वरी’ म्हणते. बरोबर ना?

मनातला भाव बरोबर आहे. पण घाबरलेल्या माणसाला काळजी करू नको म्हटलं की त्याला वाटतं, हिने ऐकलंच नाही. आधी त्याचं ऐकल्याचं सांगा : ‘दॅट साउंड्स व्हेरी हार्ड.’ मग सोबत द्या : ‘आय ॲम हिअर. टेक युअर टाइम.’ ज्याचं माणूस गेलंय त्याला ‘आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस.’ इथे सॉरी म्हणजे माफी नाही, दुःखात सहभाग. ‘बी स्ट्राँग’ तर टाळाच, ते ऐकून रडणारा माणूस रडू गिळतो.

बोटीवर हे बोललो तर नोकरी जाईल का?

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण अंगावर काढलेलं दुखणं समुद्रात जास्त धोक्याचं. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने मान्य केलाय, त्यात जहाजावर आणि किनाऱ्यावर वैद्यकीय उपचारांचा हक्क आहे. सीफेअररहेल्प ही खलाशांसाठीची मोफत, चोवीस तासांची आणि गोपनीय मदतसेवा आहे, तिथे अनेक भाषांत बोलता येतं. निघण्यापूर्वीच तिचा संपर्क फोनमध्ये घालून ठेवा. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी विचारा : ‘विल धिस स्टे कॉन्फिडेन्शियल?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

उच्चार चुकला तर लोक हसतील.

मनाचं दुखणं सांगणाऱ्याच्या उच्चाराला जो हसतो, त्याच्याशी बोलणं थांबवा आणि दुसरा माणूस शोधा.

शब्द लक्षात राहत नाहीत. काय करू?

रोज झोपण्यापूर्वी एकच ओळ लिहा. ‘टुडे आय फेल्ट…’ आणि पुढे ‘बिकॉज…’. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तांडेल असलेला माझा एक विद्यार्थी हे करतो. त्याच्या वहीत पहिले पंधरा दिवस फक्त ‘गुड’ आणि ‘बॅड’ आहेत. सोळाव्या दिवशी ‘लोन्ली’ आला. तो शब्द मी शिकवला नव्हता, त्याने मुलीला विचारून लिहिला होता.

वर्गात बोलता बोलता रडू आलं तर?

आलेलं आहे, बऱ्याच जणांना. तेव्हा इंग्रजी थांबतं. वह्या मिटवायच्या, पाणी द्यायचं, बाहेर पडवीत बसायचं असेल तर बसायचं. सोबत हवी असेल तर ज्याच्याशी जमतं तो बसतो. संगमेश्वरी, दालदी, मालवणी, ज्याला जी बोली येते तीत बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. कोणी कारण विचारत नाही. पुढच्या आठवड्यात तो माणूस आला नाही, तर मी घरी फोन करते.